खाट आढळून आली नाही

तात्या कुणाच्या घरी गेले आणि त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, की ते तो तोंडाला लावत नाहीत. दाराच्या उजेडात नेतात, तिरका धरतात आणि आत बघतात. अळी नसली तर एक घोट घेतात, जिभेवर घोळवतात आणि म्हणतात, "टीसीएल कमी पडलंय." घरच्या बाईनं यावर काय बोलावं? पासलीतल्या बायका आता काही बोलत नाहीत. "फुडल्या टायमाला घालू तात्या," म्हणतात आणि चहाचं आधण ठेवतात. चहाला तात्यांची हरकत नसते. तो उकळलेला असतो.

वेल्ह्यावरून केळदकडं, मढे घाटाच्या तोंडाशी जाणाऱ्या रस्त्यावर आमची पासली. इथं पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. त्याच्या मागोमाग पुण्याची माणसं घाटातला लक्ष्मी धबधबा बघायला येतात, आणि त्यांच्या मागोमाग कणसाच्या, भज्यांच्या, चहाच्या टपऱ्या. मग तात्या बाहेर पडतात. डोक्यावर छत्री, खिशात विजेरी, काखेत लाल बांधणीचं शेरेबुक. भज्याच्या तेलाकडं बघून ते विचारतात, "ह्ये कधीचं?" टपरीवाला पोरगा म्हणतो, "आजचंच हाय." "आजचं म्हंजी कितव्या आजचं?" पोरगा गप्प. तात्या लिहितात : सदर आस्थापनेत तेलाचा रंग समाधानकारक आढळून आला नाही. खाली पोराची सही घेतात. पोरगा सही करतो, कारण तात्या त्याचे आजोबा लागतात, आणि शिवाय भज्याचे पैसे देतात.

तात्या जिल्हा परिषदेतले निवृत्त आरोग्य सहायक. वेल्हे आणि भोर या दोन तालुक्यांत त्यांची उभी हयात गेली. विहिरीत जंतुनाशक टीसीएल पावडर टाकणं, ती पुरेशी पडली का ते ओटीचा थेंब घालून, पाणी पिवळं होतंय का बघणं, तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचपट्टी घेणं, रांजण पालथे करायला लावणं, डबक्यात गप्पी मासे सोडणं. डासांच्या अळ्या मोजायचे घरांचा हाउस इंडेक्स आणि भांड्यांचा ब्रेटू इंडेक्स त्यांच्या तोंडात असे असायचे, जसे दुसऱ्या कुणाच्या तोंडात अभंग असावेत. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर शाल आणि नारळ देऊन खात्यानं त्यांना मोकळं केलं. तपासणीला मात्र कुणी शाल-नारळ दिला नाही, त्यामुळं ती अजून सेवेत आहे. २०२४ साली तालुक्याचं नाव वेल्ह्याचं राजगड करायचं ठरलं, तेव्हा तात्यांनी शेरेबुकाच्या दोनशे पानांवर बसून 'वेल्हे' खोडलं आणि वर 'राजगड' लिहिलं. त्यांच्या बायको, आमच्या काकी, म्हणाल्या, "सरकारला बी यवढी घाई नव्हती."

हा माणूस तुमच्याही ओळखीचा असणार. शहरात तो सोसायटीच्या लिफ्टचा परवाना वाचत उभा असतो, लग्नात आचाऱ्याच्या हातमोज्यांची चौकशी करतो. आपण त्याला टाळतो. तसं आमच्या गावानंही तात्यांना टाळायचं ठरवलं असतं, पण पासली टाळाटाळीला लहान पडते.

तात्यांच्या डोक्याला एकही केस नाही. "आयुष्यभर केस आणण्यात गेलं," ते स्वतःच सांगतात. ज्यांना खात्याची भाषा ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगायला हवं : कुटुंब कल्याण शस्त्रक्रियेला बाई तयार करून शिबिरापर्यंत नेणं, याला 'केस आणणं' म्हणतात. वर्षाचं उद्दिष्ट ठरलेलं असायचं. मार्च जवळ आला की उद्दिष्टाकडं बघून कर्मचाऱ्यांच्या डोक्यावरचे केस जायचे. एका बाजूनं आणायच्या, दुसऱ्या बाजूनं जायचे.

या शिबिरांविषयी तात्या क्वचित बोलतात, आणि बोलले की त्यांची सरकारी भाषा गळून पडते. एकदा भाताची आवणी उरकल्यावर ओसरीत बसलो होतो, तेव्हा म्हणाले, "बिनटाक्याचं ऑपरेशन पाच-धा मिन्टाचं. बाई टेबलावरनं उतरली की तिला न्हेऊन निजवायचं. पर कुटं? खाटा धा, बाया चाळीस. मग वर्गात सतरंजी टाकायची. वर फळ्यावर पाढं, खाली बाया. मी रजिस्टरात काय ल्हिवलं ठावं हाय? खाटा उपलब्ध." थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या शिबिरात कुनाला काय झालं न्हाई. नशीब." छत्तीसगडच्या बिलासपूरकडच्या बायकांचं नशीब तसं नव्हतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या एका शिबिरात एका शल्यचिकित्सकानं एका दिवसात, काही तासांत, ८३ जणींच्या शस्त्रक्रिया केल्या. एका दिवसात एका चमूनं ३० पलीकडं जायचं नाही, असा नियम होता. त्यानंतर तेराजणी दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं देविका बिस्वास खटल्यात सांगितलं, की ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा. तात्यांच्या शेरेबुकाच्या पहिल्या पानावर तो आकडा लिहिलेला आहे. ८३. बाकी पान कोरं आहे.

तर असे तात्या, आणि त्यांचा पुतण्या धाकल्या.

धाकल्या शिरवळकडच्या एका कारखान्यात लागलेला. पगार बरा, स्वभाव बरा, वय एकोणतीस, आणि कपाळ दरवर्षी अर्धा इंच मागं सरकत चाललेलं. स्थळं येईनात. आली ती फोटो बघून थांबायची. एका ठिकाणाहून निरोप आला, "पोराचं वय नक्की किती?" त्या दिवसापासून धाकल्यानं टोपी घातली. मग दुसऱ्या ठिकाणाहून निरोप आला, "फोटोत टोपी का?"

तात्यांना प्रथम साथीचा संशय आला. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस आठवड्याभरात हातात येऊ लागले होते, ते त्यांनी पेपरात वाचलेलं. पुढं महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हात सेलेनियम फार असल्याचं दाखवलं, तेही कात्रण त्यांच्यापाशी. बावस्कर म्हणजे विंचूदंशाचे, आमच्या घाटाखालचे डॉक्टर; तात्यांच्या लेखी त्यांचा शब्द शासन निर्णयाच्या वरचा. मग तात्यांनी घराचं सर्वेक्षण केलं. डोकी तपासली सात. बाधित एक. स्वतःचं धरलं तर दोन, "पर ती जुनी केस." गहू सगळ्यांनी एकाच डब्यातला खाल्लेला. साथ रद्द झाली. धाकल्याचं टक्कल खानदानी निघालं.

धाकल्यानं एक दिवस सांगून टाकलं, की तो पुण्यात जाऊन केस लावून घेणार. हप्त्यांवर. तीन हजार मुळं, एक दिवसाचं काम, संध्याकाळी घरी.

"म्हंजी कसं?" काकींनी विचारलं.

धाकल्यानं मोबाइलवर दाखवलं. डोक्याच्या मागच्या बाजूचे दाट केस एकेका मुळासकट काढायचे, पुढच्या उजाड भागात बारीक भोकं पाडायची, आणि त्यात एकेक बसवायचं.

काकींना हे कळायला अर्धं मिनिट लागलं नाही. जून चालू होता. त्या नुकत्याच खाचरातून आलेल्या, पोटऱ्यांना चिखल वाळलेला. "आवणीच की ही," त्या म्हणाल्या. "रोप उपटायचं त्या खाचरातनं, लावायचं ह्या खाचरात. मग रोप जगायला हवं ना? चिखलनी केली का? पानी कुठलं?" आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय. "लावनार कोन? डाक्टर का मजूर?"

धाकल्या म्हणाला, "टीम असती त्यांची."

"म्हंजी मजूर," काकी म्हणाल्या. "मुकादम बांधावर छत्री धरून हुबा."

काकींनी कुठलीही मार्गदर्शक तत्त्वं वाचलेली नाहीत. पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये याच प्रश्नावर कागद काढला होता. सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केसरोपण कुणी करायचं, तर ते शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनं, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ यांच्यासारख्यानं. मदतनीस असले तरी ते त्याच्या देखरेखीखाली. त्या कागदात एक वाक्य असं आहे, की यूट्यूबवर बघणं हे प्रशिक्षण धरता येणार नाही. एखाद्या देशाच्या वैद्यकीय आयोगाला हे लेखी कळवावं लागतं, म्हणजे कुणीतरी तसं शिकून सुई हातात घेतलेली असणार, त्याशिवाय कोण कशाला लिहील? तात्यांनी तो कागद पुतण्याकडून छापून घेतला, चौघडी केली, आणि शेरेबुकात ठेवला. "मी येतो संगं," ते म्हणाले. धाकल्याचा चेहरा पडला. मलाही न्यायचं ठरलं, बहुधा मध्ये पडायला.

वेल्हे ते स्वारगेट एसटीत तात्यांनी आम्हाला मुंबईची गोष्ट सांगितली. मार्च २०१९. एका व्यावसायिकानं एकाच बैठकीत साडेनऊ हजार मुळं लावून घेतली. दोन दिवसांत माणूस गेला. हीच गोष्ट त्यांनी आदल्या रात्री काकींना सांगितली होती. काकींचं म्हणणं पडलं, "साडेनऊ हजार? यका दिसात? बैलसुदिक बसंल." धाकल्या चेलाडी फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होता.

क्लिनिक कुठलं ते सांगत नाही. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर आधी-नंतरचे फोटो. आधीच्या फोटोत माणूस दुःखी, नंतरच्यात त्याच माणसाला केसांबरोबर नवा शर्टही मिळालेला. कोपऱ्यात माशांची काचपेटी. तात्या आधी तिथं गेले, वाकले, आणि म्हणाले, "गप्पी न्हाईत."

स्वागतकक्षातली मुलगी उठून आली. तिनं आम्हा तिघांकडं पाहिलं, धाकल्याच्या टोपीवरून तिची नजर घसरली, आणि तात्यांच्या लखलखीत डोक्यावर थांबली. "काका, बसा ना. तुमची ग्रेड सहा वाटतेय. पण काळजी करू नका, सहाचीही छान होते."

तात्या ताठ झाले. "सहा? मी वर्ग तीनचा कर्मचारी हाय. तिसऱ्यातच रिटायर झालो."

टकलाची एक मोजपट्टी असते, एक ते सात, हे त्या मुलीनं समजावून सांगितलं. वर्ग वाढत गेला तर केस कमी होत जातात, हे ऐकून तात्यांनी मान डोलावली. खात्यातही तसंच आहे, म्हणाले.

मग त्यांनी शेरेबुक उघडलं. "खाट कुठंय?"

"सॉरी?"

"खाट. पेशंट निजवायची."

"आमच्याकडं ॲडमिट करत नाहीत, काका. चालत यायचं, चालत जायचं. प्रोसीजर चेअरवर होते." तिनं काचेतून दाखवलं. पांढऱ्या चामड्याची मागं कलणारी, बटणावर वरखाली होणारी खुर्ची. आमच्या आमदारांकडंही असली नसेल.

तात्यांच्या पेनाची गती थांबली. तीस वर्षांत त्यांनी जे जे तपासलं, त्याची सुरुवात खाटेपासून झाली होती. कायदाही तसाच. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणीचा अधिनियम अजून महाराष्ट्रात चालू आहे. २०२१ साली नियम सुधारले, दरपत्रक लावा म्हणाले, रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावा म्हणाले. पण मूळ व्याख्येत काय आहे? आजार, इजा किंवा अशक्तपणा असलेल्या माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करायची जागा. केंद्राचा २०१० चा एक कायदा आहे, तो खाट असो-नसो, साध्या दवाखान्यालाही नोंदवून घेतो. महाराष्ट्रानं तो अजून स्वीकारलेला नाही. तात्यांना हे पाठ आहे. तिथल्या तिथं त्यांनी तोंडी परीक्षा सुरू केली.

"ताई, टक्कल हा आजार का इजा?"

"आजार नाही काका. हे कॉस्मेटिक असतं."

"मग अशक्तपणा?"

"कॉन्फिडन्सचा," ती म्हणाली. हजरजबाबी होती. तात्यांनीही दाद दिली. पण सोडलं नाही. "औषधांच्या नियमात 'जे' परिशिष्ट हाय. कुठला आजार औषधानं बरा करतो म्हनायचं न्हाई, त्याची यादी. त्यात टक्कल हाय. तिथं सरकार त्याला आजार म्हनतं. आन् हितं खुर्चीवर बसलं की आजार न्हाई?"

मुलगी हसली आणि म्हणाली, "काका, पाणी घेता?" मी डोळे मिटले. तात्यांनी ग्लास उजेडात धरला.

त्यानंतरची पंधरा मिनिटं धाकल्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला. तात्यांनी चार रंगांच्या बादल्या मागितल्या. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम : अंगाचा तुकडा, रक्तातला कापूस पिवळ्यात, प्लास्टिक लालमध्ये, सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. पिवळी बादली सापडली. आत चॉकलेटचे कागद होते. ऑक्सिजन सापडला, माशांच्या पेटीमागं, झाकणावर धूळ. भिंतीवर डॉक्टरांची पदवी होती, चौकटीत, पण उंच. तात्या खुर्चीवर चढून ती वाचायला निघाले, तेव्हा मी हात धरला. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेनं आता डॉक्टरांसाठी क्यूआर कोड आणलाय, मोबाइल धरला की नोंदणी दिसते, तो कुठंय, हेही विचारून झालं. "डॉक्टर कधी भेटतात?" "सर व्हिजिटला येतात." "आन् लावतं कोन?"

आतून हिरव्या कपड्यातला एक पोरगा बाहेर आला. विशीतला, चटपटीत, नखं कापलेली. "मीच करतो काका. तीनशेच्या वर केसेस केल्यात."

"केसेस," तात्या म्हणाले. तो शब्द त्यांना ओळखीचा होता. "शिकला कुटं?"

"इथंच. बघून बघून."

पोरगा प्रामाणिक होता, त्याचा राग यावा असं त्याच्यात काहीच नव्हतं. तात्यांनी चौघडी केलेला कागद काढला, त्याच्या हातात दिला, यूट्यूबचं वाक्य बोटानं दाखवलं. पोरानं वाचलं, मान वर केली आणि म्हणाला, "यूट्यूबवर नाही बघितलं काका. समोर बघितलं."

शेरा तयार झाला. 'खाट आढळून आली नाही. खुर्ची आढळून आली. डॉक्टर आढळून आले नाहीत. पदवी आढळून आली, उंचावर.' खाली संबंधितांची सही म्हणून त्यांनी ते मुलीपुढं केलं. तिनं ते अभिप्रायाच्या वहीचं पान समजून सही केली, वर एक हसरा चेहरा काढला, आणि म्हणाली, "गूगलवर पण टाका ना काका, पाच स्टार."

परतीच्या गाडीत तात्या तक्रार कुणाकडं करायची ते ठरवत होते. म्हणजे मोठ्यानं ठरवत होते. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं. सुईत औषध आहे, ते अन्न व औषध प्रशासनाचं. सुई हातात धरणारा डॉक्टर असेल तर वैद्यकीय परिषदेचा, नसेल तर बोगस डॉक्टर शोध समितीचा, १९६१ च्या कायद्याच्या ३३ व्या कलमात. टोचून झाल्यावर तीच सुई प्रदूषण नियंत्रण मंडळाची. टोचलेल्या माणसाला काही झालं तर तो पोलिसांचा. इमारत महापालिकेची. "आन् खुर्ची?" मी विचारलं. तात्या बराच वेळ विचार करत राहिले. नसरापूर गेलं, मार्गासनी गेलं. "खुर्ची कुनाचीच न्हाई," ते शेवटी म्हणाले, आणि मला वाटतं तेवढ्या एका गोष्टीचं त्यांना खरोखर वाईट वाटलं.

त्यांनी पत्रं पाठवली. पाच. पोच आल्या तीन. एका पोचेवर लिहिलं होतं, 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' तात्यांनी ती पोच फाइलला लावली आणि खूश झाले. त्यांच्यासारख्या माणसाला उत्तरापेक्षा जावक क्रमांक जास्त गोड लागतो. यात मी त्यांना नावं ठेवत नाही, माझंही पेन्शनच्या बाबतीत तेच होतं.

धाकल्यानं काही बेत सोडला नाही. पंधरा दिवसांनी दुसरा दवाखाना शोधला. जुन्या इमारतीत, लिफ्ट बंद, फोटो नाहीत. त्वचेचे एमडी डॉक्टर स्वतः समोर बसले आणि तात्यांच्या एकोणीस प्रश्नांना एकोणीस उत्तरं दिली. ऑक्सिजन दाखवला, तात्पुरत्या गुंगीची आणि ॲलर्जीची औषधं दाखवली, बादल्या चार. तीन हजार नको म्हणाले, दीड हजार पुरे, आणि सगळं उजाड रान एका दिवसात लावायचा हट्ट धरू नका म्हणाले. "माझी मदतनीस आहे, पण भोकं मी पाडणार." तात्यांनी मागणी केली की ते आत बसणार. डॉक्टर म्हणाले, टोपी-मास्क घालून काचेच्या पलीकडं बसा.

सहा तास तात्या काचेपाशी बसले. पोलिओच्या मोहिमेत मुलं मोजायचे तसं त्यांनी प्रत्येक मूळ रेघ ओढून मोजलं, चार उभ्या, पाचवी आडवी. संपल्यावर मदतनीस म्हणाली, "पंधराशे वीस." तात्या म्हणाले, "पंधराशे सात." दोघांनी पुन्हा हिशेब केला. शेरेबुकात नोंद आहे : तफावत १३. खुलासा : तपासणी अधिकारी एकदा लघुशंकेस गेले होते.

डॉक्टरांनी संध्याकाळी सोडलं. डोकं उंच ठेवून झोपायचं, चार रात्री तरी, आडवं नाही. कपाळ सुजेल, घाबरू नका. सलाइनचा फवारा दर दोन तासांनी. खपली काढायची नाही. ताप आला, रक्त थांबलं नाही तर फोन करा. "जवळ रुग्णालय आहे ना?" त्यांनी विचारलं. तात्या म्हणाले, "वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय हाय. घाट उतरून." बाहेर पाऊस पुण्यातही सुरू झाला होता, म्हणजे आमच्याकडं काय चाललं असेल ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, आम्हाला होतं. रुग्णवाहिकेचा '१०८' नंबर तात्यांनी धाकल्याच्या मोबाइलमध्ये भरला, माझ्यातही भरला, आणि भाड्यानं केलेल्या गाडीच्या ड्रायव्हरच्याही.

वेल्ह्याच्या पुढं प्रत्येक खड्ड्याला तात्या दोन्ही हात धाकल्याच्या डोक्यावर अधांतरी धरायचे, टपाला टेकू नये म्हणून. रात्री अकरा वाजता घर आलं. पाऊस आडवा. धाकल्याच्या डोक्यावर छत्री धरायची, पण टेकवायची नाही, हा प्रकार तात्यांनी अंगणभर केला. स्वतः ओले झाले.

काकी दिवसभर आवणीत होत्या. कंदील आणून त्यांनी पुतण्याचं कपाळ बघितलं, लाल ठिपक्यांची दाटी. "रांगत न्हाई लावलं," त्या म्हणाल्या.

"रांगेत लावत नाहीत काकी. डॉक्टर म्हणाले, सरळ ओळ खोटी दिसते."

"मजूर नवा असला की आसंच सांगत्यात," काकी म्हणाल्या. पण आत जाऊन त्यांनी उशा आणल्या, चार, एकावर एक रचल्या.

ओसरीत बाज टाकली. धाकल्या अर्धा बसून, अर्धा निजून. मच्छरदाणी बाजेच्या चारी काठ्यांना बांधली, वर टेकणार नाही अशी उंच. मी तिथंच घोंगडी घेऊन पडलो. दोन वाजता जाग आली तर तात्या विजेरी घेऊन बसलेले, घड्याळ बघून फवारा मारत होते. मग काखेत थर्मामीटर लावला, उजेडात तिरका धरून पाहिला, जसा तांब्या बघतात तसा. साडेचारला पुन्हा जाग आली. कौलांवर पावसाचा आवाज, धाकल्या घोरत होता, आणि तात्या शेरेबुक मांडीवर घेऊन लिहीत होते.

सकाळी मी ते पान पाहिलं.

'ठिकाण : राहते घर, मु. पासली, ता. राजगड (जुने वेल्हे). खाटा : १ (बाज). दाखल रुग्ण : १, पुरुष, वय २९. शुश्रूषा : चालू आहे, दर दोन तासांनी. ताप : नाही. डास : आढळून आले. दरपत्रक : लावलेले नाही. रुग्णहक्कांची सनद : लावलेली नाही. ऑक्सिजन : नाही. नोंदणी प्रमाणपत्र : आढळून आले नाही. पूर्ततेसाठी मुदत सात दिवस.'

खाली दोन सह्या होत्या. तपासणी अधिकारी आणि मालक. दोन्ही तात्यांच्या.